रायगडावर दांडपट्टा टिपताना

कॉटन ग्रीनकरांनो, ६ जूनच्या शिवराज्याभिषेक सोहळ्याला कॅमेरा घेऊन निघणार असाल, तर हार्बरने पनवेल, पुढे एसटीने महाड आणि मग पाचाड. होळीच्या माळावरचे मर्दानी खेळ चुकवू नका!

त्यातही दांडपट्टा. २०२४ साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालेला. हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत, पुढे लांब लवचिक पातं. मनगट वळत नाही, अख्खा हात खांद्यातून फिरतो. म्हणून पात्यामागे धावू नका, खांद्याकडे बघा, पुढची फेक तिथेच कळते. पातं गोठवायचं तर शटर १/१०००, चक्र दाखवायचं तर १/३०च्या आसपास. मला दुसरं आवडतं, त्यात वेग दिसतो.

जूनमध्ये गडावर ढग उतरतात. आयएसओ वाढवा, एक्स्पोजर जरा चढतं ठेवा, नाहीतर धुकं राखाडी येतं. लेन्ससाठी कोरडं कापड हवंच. आणि रिंगणात पाऊल नको, पट्टेकऱ्याला मागचं दिसत नाही.

रायगड जमलं नाही तर गुढीपाडव्याला गिरगावची शोभायात्रा गाठा. फडके गणपती मंदिरापासून निघते, ढोलताशांसोबत लाठीकाठीही असते. रस्ते अरुंद, त्यामुळे लांब पल्ल्याची लेन्स घरीच ठेवा.