काळ्या वाळूचे तारण

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरची काळी वाळू तुम्हीही तुडवली असेल. सह्याद्रीचा कातळ झिजतो, नद्या त्याचे कण समुद्राला देतात आणि लाटा हलके कण मागे ओढून जड तेवढे किनाऱ्यावर ठेवतात. या वाळूत इल्मेनाइट असते. त्यापासून पांढरा रंग तयार होतो. काळ्याचे पांढरे राजरोस करण्याचा एवढाच मार्ग मला ठाऊक आहे!

असा साठा अजमावण्यासाठी ठरावीक अंतरावर भोके पाडून मीटरामीटरावरचे नमुने काढतात. ब्रोमोफॉर्म या जड द्रवात नमुना टाकला की २.६५ घनतेची गारेची वाळू तरंगते आणि ४.७ च्या आसपासचे इल्मेनाइट तळाशी बसते. बसले ते मोजायचे.

बँकेत मी वर्षानुवर्षे तारणांचे मूल्यांकन तपासले. कागदावरची किंमत म्हणजे हातातली रक्कम नव्हे. शंभर टनांत दहा टन जड खनिज निघाले, तर उरलेली नव्वद टन वाळू परत जागेवर घालावी लागते. वाळूची हीच टेकाडे लाटा अडवतात, मागच्या विहिरींचे पाणी गोडे राखतात. टक्केवारीच्या तक्त्यात खनिज दिसते, विहीर दिसत नाही. म्हणून तपासणीचा निकाल आला, की गावाने आधी विचारावे : या कर्जाला जामीन कोण?