सदाहरित वृक्ष, मुळशी परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात घरे, रस्ते, जलाशयांचे काठ व संस्थांची आवारे यांच्या सुशोभनास उपयुक्त असे, वर्षभर हिरवे राहणारे वृक्ष. सदाहरित वृक्ष पाने गाळीत नाहीत असे नव्हे. जुनी पाने थोडीथोडी गळत असताना नवी येत राहतात व झाड एकाच वेळी निष्पर्ण होत नाही.

निवडीचा मुख्य निकष पाऊस हा होय. तालुक्याच्या पश्चिम टोकास ताम्हिणी येथे वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, पूर्वेकडे तो झपाट्याने घटतो व हिंजवडी परिसरात पुणे शहराच्या प्रमाणाजवळ (वर्षाला सु. ७०० मिमी.) येतो. हा फरक जेमतेम ४० किमी. अंतरात पडतो. मात्र ऑक्टोबरनंतरचे सात महिने दोन्हीकडे जवळजवळ कोरडेच जातात. त्यामुळे पश्चिमेस कोणतेही सदाहरित झाड सहज तगेल, ही समजूत चुकीची आहे. तेथील रानातील झाडे परस्परांच्या सावलीवर व पालापाचोळ्याने ओल धरलेल्या मातीवर जगतात. यंत्राने सपाट केलेल्या, मुरूम उघडा पडलेल्या भूखंडावर त्यांचेच रोप एकटे लावले, तर पहिल्या उन्हाळ्यातच ते करपते.

स्थानिक निवडीस सर्वांत विश्वसनीय मार्गदर्शक म्हणजे जवळची देवराई. देवराया हे सह्याद्रीतील मूळ वनस्पतिसृष्टीचे अवशेष असल्याचे माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०–८० या दशकातील अभ्यासांतून दाखवून दिले. पश्चिम भागात अंजनी, पिसा, पारजांभूळ, जांभूळ, आंबा व फणस हे वृक्ष योग्य ठरतात. अंजनी (लॅ. मेमेसायलॉन अंबेलेटम) उथळ, जांभ्या मातीतही वाढते, वाढ मंद असली, तरी निळ्या फुलांनी लहडलेले हे लहानसे झाड अंगणास फार शोभते. सीता अशोकास सावली व ओल लागते. ओढ्याकाठची जागा त्यास मानवते. बागांतून ‘अशोक’ म्हणून सर्रास लावले जाणारे उंच, निमुळते झाड वेगळ्याच कुलातील असून त्याची सावली अगदी थोडी पडते.

पूर्व भागात जांभूळ, आंबा, बकुळ, नांदरूक व करंज लावावेत. करंज उन्हाळ्याच्या प्रारंभी थोडे दिवस पाने गाळतो, पण लगेच पालवतो. काठावर पाण्याची पातळी वर्षभर बदलत असल्याने जलाशयाजवळ जांभूळ व करंज हेच अधिक भरवशाचे. दोन्ही काही काळ साचलेले पाणी सोसतात.

निलगिरी, सिल्व्हर ओक व ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडे लवकर आडोसा देतात, म्हणून बंगल्यांच्या सीमेवर त्यांच्या रांगा लावण्याची प्रथा पडली आहे. सिल्व्हर ओकच्या फांद्या वादळात सहज मोडतात आणि रानातील फळखाऊ पक्ष्यांना या तिन्हींपासून फारसे अन्न मिळत नाही. शेकरू फांद्याफांद्यांवरून हिंडणारा प्राणी असल्याने एकमेकांस भिडलेले वृक्षमाथे त्यास आवश्यक असतात. २०१३ मध्ये घोषित झालेल्या ताम्हिणी अभयारण्यालगतच्या जमिनींवर लागवड करताना हे विशेष लक्षात घ्यावे लागते.

लागवडीसाठी मे महिन्यात सु. १ मी. लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळा यांनी भरतात आणि पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावतात. पश्चिमेस मुळाशी पाणी तुंबू नये म्हणून रोप किंचित उंचवट्यावर ठेवतात. मंद वाढीच्या झाडांना पहिली दोन-तीन वर्षे करंजासारख्या जलद वाढणाऱ्या झाडाची विरळ सावली व उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. डोंगरउतारावर वणव्यापासून संरक्षणासाठी लागवडीभोवतीचे गवत हिवाळ्यातच कापून पट्टा मोकळा ठेवतात. आंबा, जांभूळ यांत ८ ते १० मी. अंतर राखतात. अतिपावसाच्या भागात दाट पर्णसंभाराचे झाड भिंतीलगत लावल्यास भिंत वाळत नाही व ओल धरते. वड व नांदरूक यांची मुळे पायात शिरत असल्याने ती इमारतीपासून बरीच दूर लावतात.