मागच्या सीटचा पट्टा

डहाणू-जव्हार रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला चारोटीला छेदतो. तिथून जवळच, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२च्या रविवारी दुपारी उदवाड्याहून मुंबईला निघालेली मर्सिडीज कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल वाचले नाहीत. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी भारी होती, एअरबॅगा होत्या, पट्टेही जागच्या जागी होते.

खरं तर आठ वर्षं आधीच जागं व्हायला हवं होतं. ३ जून २०१४ला दिल्लीत मोटार अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्या सीटवरच होते. घातपाताच्या शंका निघाल्या, सीबीआय चौकशी झाली. पट्ट्याची चर्चा मात्र लवकरच विरली. मागे बसणं हा आपल्याकडे मान. मानाच्या जागी बांधून घ्यायला कोण तयार होतो?

आज आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९चा. व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी तो बनवला. त्याआधी ते लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. वैमानिक हवं तसं बांधून घेतो, गाडीतली साधी माणसं घेणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून पट्टा एका हाताने लागला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे व्होल्वोने पेटंट अडवून न धरता तो सगळ्यांना वापरू दिला.

याच्या उलट टोकाला शर्यतीचा हार्नेस. दोन्ही खांद्यांवरून दोन पट्टे, कमरेला दोन, मांड्यांमधून एक किंवा दोन, आणि मध्ये एकच गोल बकल. फॉर्म्युला वनमध्ये तो १९७२ला सक्तीचा झाला. गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही हौशी पोरं साध्या गाडीत लाल-निळे हार्नेस बसवून घेतात. पावसाळ्यात जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याकडे येणाऱ्या गाड्यांतही असा एखादा दिसतो. चार पट्टे म्हणजे दुप्पट सुरक्षा, असा हिशेब. तो हिशेब चुकतो कुठे, ते मात्र गाडीत डोकावल्याशिवाय कळत नाही.

अशा गाडीत खांद्याचे पट्टे बहुतेक वेळा मागच्या सीटच्या बोल्टला, म्हणजे पार खाली बांधलेले असतात. ते खांद्याच्या जवळपास पातळीत मागे जायला हवेत. खाली ओढलेले असले की धडकेत कण्यावरच दाब येतो. मांड्यांमधला पट्टा अडचणीचा वाटतो म्हणून गाळलेला असतो. मग खांद्याचे पट्टे ताणले की बकल पोटावर चढतं आणि अंग खालून पुढे घसरतं. रेसच्या गाडीत छताखाली लोखंडी पिंजरा असतो. साध्या गाडीत तो नसतो. गाडी उलटून छत दबलं तर ताठ बांधलेल्या माणसाला डोकं चुकवायलाही जागा उरत नाही.

मानेचं तर शर्यतवाल्यांनाही उशिरा कळलं. १८ फेब्रुवारी २००१ला अमेरिकेत डेटोनाच्या नॅस्कार शर्यतीत रेसर डेल अर्नहार्ट गेले, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होऊन. धड जागी राहतं आणि हेल्मेटसह डोकं पुढे फेकलं जातं, तो हा प्रकार. डोकं आवरणारं ‘हान्स’ हे उपकरण प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकातच तयार केलं होतं. अर्नहार्ट ते वापरत नव्हते. त्याच वर्षी नॅस्कारने मान आवरणारं उपकरण सक्तीचं केलं, २००३ला फॉर्म्युला वनने. धबधब्याला निघालेला कोण हेल्मेट आणि हान्स घालतो?

साधा पट्टा हळू ओढा, सुरळीत येतो. हिसका द्या, जागीच अडतो. नव्या गाड्यांत धडकेच्या क्षणी छोटा बार उडून तो आवळला जातो, आणि छातीवर फार ताण आला की थोडा सैल सुटतो. एअरबॅग याच पट्ट्याशी जुळवलेली असते. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझं मत सरळ आहे: कंपनीचा पट्टाच चांगला, आणि हार्नेसचे पैसे टायरवर घालावेत.

हा पट्टा लावायचा मात्र आपल्याला कंटाळा. २०१९च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला, गाडी टुंग-टुंग करू लागली, तर आपण ती गप्प करणारी क्लिप शोधून काढली. मे २०२३मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकू नका म्हणून सांगावं लागलं. केंद्राच्या २०२२च्या रस्ते अपघात अहवालात पट्टा न लावलेल्या मृतांची संख्या १६,७१५ आहे; त्यांत चालक ८,३८४, बाकी सोबतचे.

इकडे जव्हार तालुक्यात, साखरशेतच्या बाजूला हा सगळा वाद थोडा परक्या गावचा वाटतो. इथला माणूस जीपच्या मागच्या बाकावर बसतो, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं टेम्पोच्या हौद्यात, भांडी आणि पोरांसकट. मागच्या सीटच्या पट्ट्याचा नियम पुढे तोंड असलेल्या सीटपुरता आहे. आडव्या बाकाला ना पट्टा, ना तो लावला नाही म्हणून दंड.