ज्या पत्त्यावर कोणीच राहत नाही

गुरुपौर्णिमेच्या तोंडावर शिर्डीतल्या एका हॉटेलमालकांचा फोन आला. "भाऊ, एवढ्या मेल पाठवल्या, बुकिंग एकही नाही!" सगळ्या मेल स्पॅममध्ये जात होत्या. अशा वेळी मी मेलमधला मजकूर बघत नाही. यादी कुठून आली ते विचारतो.

यादीचा उगम होता काउंटरवरचं रजिस्टर. धुपारतीआधीच्या गर्दीत पाहुणा घाईघाईत पत्ता लिहिणार, पोरगा रात्री तो कॉम्प्युटरवर चढवणार. 'जीमेल'मधल्या 'ए' आणि 'आय'ची अदलाबदल झाली की पत्ताच बदलला. अशा चुकीच्या नावांची काही डोमेन स्पॅम पकडणाऱ्यांनी मुद्दाम घेऊन ठेवलेली असतात. तिथे माणूस नसतो, फक्त नोंद होते, की हा न विचारता मेल पाठवतो.

खरी गोम जुन्या पत्त्यांत होती. कित्येक वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या भक्तांचे रेडिफमेलचे, व्हीएसएनएलचे पत्ते. बंद पडलेल्या खात्यावरची मेल आधी बरेच महिने परत येते. ती परतलेली मेल कोणी वाचत नाही. मग एखादी कंपनी तेच खातं गुपचूप उघडते, सापळा म्हणून. त्यानंतर मेल परत येत नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटतं, पोचली!

शिवाय पेनड्राइव्हवर विकत घेतलेली एक यादी होतीच. वेबपानांच्या कोडमध्ये, माणसाला दिसणार नाहीत असे पत्ते पेरलेले असतात. पत्ते गोळा करणारी यंत्रं ते उचलतात आणि ते अशा विकतच्या याद्यांत येतात. ती यादी मी न उघडताच काढायला लावली.

"सापळा कोणता तेवढं सांगा, काढून टाकतो," शेठ म्हणाले. ते कोणी सांगत नाही. १९९८ पासून स्पॅम पकडण्याचं काम करणारी स्पॅमहाउस ही संस्थासुद्धा नाही. सांगितलं तर सापळा कसला? बरोबरच आहे ते. एक पत्ता काढून यादी सुधारत नाही, गोळा करण्याची रीतच बदलावी लागते.

जुने पत्ते छाटायला शेठ तयार होईनात. "अहो, हे सगळे बाबांचे भक्त आहेत!" मी म्हटलं, भक्त असतील, पण तुमची मेल त्यांनी मागितली होती का? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत; स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवाव्या लागतात.

शेवटी बऱ्याच काळात एकही मेल न उघडलेले पत्ते गेले. आता काउंटरवर पाहुण्याला विचारूनच पत्ता घेतात आणि लगेच खात्रीची मेल जाते. त्याने मोबाइलवर 'हो' दाबलं, तरच नाव यादीत चढतं.