‘पदार्थ’ : शास्त्रातला आणि ताटातला

पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, शब्दाने ज्याचा बोध होतो ते, ही व्याख्या ‘पदार्थविज्ञान’ शिकलेल्या आपणां सर्वांना ठाऊक आहे. चरकाचार्यांनी सामान्य, विशेष, गुण, द्रव्य, कर्म आणि समवाय असे 6 पदार्थ मानले. त्यांतील द्रव्यांमध्ये मन आणि काळही येतात. ताटातील वस्तू हा या विशाल संज्ञेचा एक लहानसा कोपरा होय.

व्यवहारातील मराठीने नेमका तो कोपराच उचलला, आणि आमच्या बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत तो आणखी आक्रसला. तेथे पदार्थ म्हणजे सणावाराला मुद्दाम केलेले काही तरी. ‘कोणते पदार्थ खाता?’ असे विचारल्यास अम्लपित्ताचा रुग्ण ‘काही नाही, भाकरीच’ असे उत्तर देतो, आणि ते खोटे नसते. भाकरीबरोबरचा ठेचा, अंबाडीची भाजी, आंबून गेलेले ताक, चार वेळचा चहा यांची तो पदार्थांत गणनाच करीत नाही. निदानाला हवे असते ते हेच. म्हणून आम्ही आताशा ‘उठल्यापासून पोटात काय काय जाते?’ असेच विचारतो.

चिठ्ठीवरचा ‘आंबट पदार्थ वर्ज्य’ हा शेरा तर दुहेरी घात करतो. ताक सुटत नाही ते नाहीच, उलट आवळ्याचे चूर्ण मात्र आंबट म्हणून बाजूला राहते! अम्लरस बहुधा पित्तकर असला तरी डाळिंब व आवळा त्यास अपवाद आहेत, हे वाग्भटाचार्यांनी स्पष्ट केले आहे. तो अपवाद रुग्णाला कोणी सांगावयाचा?

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. हंगाम संपेपर्यंत त्यांची फेरतपासणी होत नाही. फडावर सोबत असते ती आपली चिठ्ठी. वेदान्त मराठीत सांगणाऱ्या मुकुंदराजांची समाधी ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईस आहे, तेथे पथ्य मराठीत लिहिणे आपल्याला जड का जावे? ‘ठेचा, चिंच, आंबलेले ताक बंद. आवळा, डाळिंब चालेल. उपाशीपोटी चहा नको,’ एवढे पुरते. अनेकांना वाचता येत नाही. औषधालयाच्या चालकांनी पुडी देताना तेवढे मोठ्याने वाचून दाखवावे, ही आमची विनंती आहे.