मेंदूतील रक्तवाहिन्यांची प्रतिसादक्षमता आणि कार्यदर्शी प्रतिमांचा अर्थ

सांगलीस आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची मर्यादा होय. सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की हा आकडा चढतो; परंतु केवळ त्यावरून पावसाचे मान काढू जाणारा फसेल, कारण कोयना धरणातून किती पाणी सोडले जाते यावरही तो अवलंबून असतो. मेंदूच्या कार्यदर्शी चुंबकीय प्रतिमांची स्थिती बरीचशी अशीच आहे.

ह्या प्रतिमांत चेतापेशींचे कार्य प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतो तो रक्तातील फरक. प्राणवायुरहित हीमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्राकडे ओढले जाते, प्राणवायुयुक्त हीमोग्लोबिन ओढले जात नाही, हे पॉलिंग व कोरिएल यांनी १९३६ साली दाखविले. ओगावा यांनी १९९० मध्ये ह्याच भेदाचा उपयोग केला. मेंदूचा एखादा भाग कार्यप्रवृत्त झाला म्हणजे तेथील सूक्ष्म रोहिण्या रुंदावतात आणि प्राणवायूचा व्यय होतो त्याहून पुरवठा अधिक होतो. परिणामी प्राणवायुरहित हीमोग्लोबिनचे प्रमाण घटून संकेत किंचित वाढतो. ही वाढ बहुधा शेकडा एक-दोन इतकीच असून ती शिगेस पोचण्यास ५-६ सेकंद लागतात.

आता रोहिणी रुंदावण्यासच असमर्थ असेल तर? चेतापेशी कार्यरत असूनही प्रतिमा मूक राहील. वार्धक्य, रक्तदाब, मानेतील रोहिणीचे आकुंचन यांनी ही क्षमता उणावते. प्रयोगापूर्वी घेतलेल्या कॉफीनेही मेंदूचा रक्तप्रवाह घटतो. तेव्हा वृद्धांचा संकेत तरुणांहून क्षीण आढळला, एवढ्यावरून त्यांची चेतापेशी मंदावली असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. अर्बुदाच्या शस्त्रक्रियेत तर चूक जिवावर बेतू शकते: अर्बुदालगतच्या विकृत वाहिन्या प्रतिसाद देत नाहीत, म्हणून वाचेचे केंद्र निष्क्रिय भासते आणि शस्त्र तेथवर जाण्याचा संभव उत्पन्न होतो.

यावर उपाय साधा आहे. कार्बन डायऑक्साइड हा रोहिण्यांना रुंदावणारा प्रबळ वायू होय. त्याचे शेकडा ५ मिश्रण हुंगवून, किंवा सुमारे १५ सेकंद श्वास रोखावयास सांगून, वाहिन्यांची क्षमता वेगळी मोजता येते व मूळ संकेत तिच्याशी ताडून पाहता येतो. ह्या वायूने चेतापेशींच्या कार्यात फरक पडत नाही, हे गृहीत मात्र सर्वमान्य नाही. शिवाय श्वास रोखण्याची शक्ती व्यक्तिपरत्वे भिन्न असते. यास्तव उच्छ्वासातील वायूचे मापन त्याच वेळी केलेले बरे.