दुखते कंबर, सुजते आतडे

पहाटे कंबरदुखीने जाग येते. उठल्यावर अर्धा-एक तास अंग आखडलेले राहते, कामाला लागले की मोकळे होते. पडून राहिल्याने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी अशी कंबरदुखी ऐन तरुणपणी सुरू होऊन तीन महिन्यांहून जास्त टिकली, तर तो मणक्याचा संधिवात, म्हणजे स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस असू शकतो. बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडे सोयाबीनच्या सोंगणीत कंबर धरली, असे म्हणून वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढले जातात आणि निदान लांबते.

या आजाराचा एक पाय पोटात असतो. बेल्जियममधील घेंट येथे हर्मन मीलांट्स आणि एरिक वेस यांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांची आतडी दुर्बिणीने तपासली. पोटाची तक्रार नसतानाही जवळपास निम्म्या रुग्णांच्या आतड्यात सूक्ष्म दाह सापडला. काहींना पुढे क्रोन्स हा आतड्याचा दीर्घ आजार जडतो.

सगळ्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करणे शक्य नाही. म्हणून रक्तातल्या खुणांचा शोध सुरू आहे. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते; पण शरीरात दाह कुठेही असला तरी ते वाढते. कॅल्प्रोटेक्टिन हे दुसरे प्रथिन रक्तातील पांढऱ्या पेशींतून येते. रक्तातली त्याची वाढ सांध्यांमुळेही होते. मलातली वाढ मात्र थेट आतड्याकडे बोट दाखवते. त्यामुळे घेंटच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये पायऱ्या सुचवल्या: आधी रक्तातील सीआरपी व कॅल्प्रोटेक्टिन, मग गरजेनुसार मलतपासणी, आणि शेवटी मोजक्यांची कोलोनोस्कोपी. एकट्या रक्तचाचणीवर निदान ठरत नाही. वेदनाशामक गोळ्या आणि जुलाबाचा संसर्ग यांनीही मलातील कॅल्प्रोटेक्टिन वाढते. क्रोन्समध्ये रक्तात दिसणारी यीस्टविरोधी प्रतिपिंडेही भारतातील अभ्यासांत आतड्याच्या क्षयातही आढळली आहेत.

आतड्याची स्थिती कळली की औषधाची निवड बदलते. इटानरसेप्ट हे औषध सांध्यांना आराम देते, पण क्रोन्सवर चालत नाही. सेक्युकिनुमॅबने क्रोन्स बळावू शकतो. अडालिमुमॅब दोन्हीकडे उपयोगी पडते. मात्र त्याने दबलेला क्षय उसळू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी आवश्यक असते.

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी विशेष तपासण्यांसाठी दूरच्या शहरात जायचे, तर रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचाही रोज बुडतो. रक्ताचा नमुना गावाजवळ घेऊन पुढे पाठवता येतो. कोणाला खरोखर दूर पाठवायचे, हे त्यावरून ठरू लागले, तर ग्रामीण रुग्णाला त्याचा सर्वांत मोठा फायदा होईल.

तोवर बिनखर्चाची चाचणी हाताशी आहेच. सांधेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांनी पोटाबद्दल विचारावे. रुग्णानेही वारंवार लागणारे जुलाब, शौचातून पडणारे रक्त, रात्री उठवणारी पोटदुखी किंवा घटलेले वजन लाजेने लपवू नये. त्या उत्तरावर पुढचे औषध ठरू शकते.